दाढ ठणकतेय आणि डॉक्टर लांब आहे: तोवर काय करावं, काय करू नये

(रेडिओवरील शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या कार्यक्रमात आपण बियाण्याबद्दल ऐकता, खताच्या मात्रा ऐकता, कीड-रोगाचा बंदोबस्त ऐकता. आज मी किडीबद्दलच बोलणार आहे, पण पिकाच्या नव्हे, दाताच्या. कुणी म्हणेल, दाढदुखी ती काय, आणि तिच्यावर रेडिओवर काय बोलायचं? पण ज्यानं एक रात्र गालावर हात धरून, अंगणात येरझारा घालत काढली आहे, तो असं म्हणणार नाही. आणि दाढदुखीनं माणूस मरणाच्या दारापर्यंत जाऊन आलेला मी पाहिला आहे. मी दातांचा डॉक्टर आहे, तेव्हा पाहिलेलंच सांगतो.

दोघांची गोष्ट

२०१९ सालचा ऑगस्ट महिना आपल्या सांगली-कोल्हापूर भागात कुणी विसरलेलं नाही. कृष्णा आणि पंचगंगा पात्र सोडून गावात शिरल्या. रस्ते पाण्याखाली, एस.टी. बंद, दवाखाने बंद. माणसं शाळांतून आणि मंगल कार्यालयांतून राहिली होती. अशाच एका शाळेतल्या छावणीत मी औषधं वाटायला गेलो होतो.

तिथं नदीकाठच्या गावचे एक शेतकरी भिंतीला टेकून बसले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं धडधाकट. डावा गाल सुजलेला. विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर, दाढ उन्हाळ्यातच चमकत होती. गोड चहा घेतला की कळ यायची. म्हटलं, उसाची भरणी होऊ दे. मग म्हटलं, आषाढी होऊ दे. मध्ये तर आपोआप थांबली होती. म्हटलं, गेली बला. आणि आता पाणी आल्यावर ही उठली."

त्यांनी काय काय केलं होतं? तव्यावर मीठ भाजून त्याच्या पुरचुंडीनं गाल शेकला होता. कुणीतरी खिशातून अर्धी उरलेली कॅप्सूलची पट्टी दिली होती, त्यातल्या तीन घेतल्या होत्या. दाढेवर तंबाखूची चिमूट धरली होती. त्या दिवशी संध्याकाळी सूज गालावरून जबड्याखाली, गळ्याकडे उतरली. तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना. थुंकी गिळता येईना, ती ओठांवरून गळायला लागली. मग आम्ही थांबलो नाही. रात्रीच बोटीनं पलीकडे नेलं आणि तिथून गाडीनं मोठ्या रुग्णालयात. तिथल्या डॉक्टरांनी गळ्याखाली छेद घेऊन पू काढला. बारा दिवस ते खाटेवर होते. वाचले. आणखी एक रात्र काढली असती, तर श्वासाची वाट बंद होऊन काय झालं असतं, ते सांगायला नको.

त्याच छावणीत एक बाई होत्या. दाढ तशीच किडलेली, ठणका तसाच. पण सूज नव्हती, ताप नव्हता. त्यांना आम्ही काही साध्या गोष्टी सांगितल्या. त्या त्यांनी नेमानं केल्या आणि सहा दिवस निभावून नेले. पाणी ओसरल्यावर त्या पहिल्या एस.टी.नं दवाखान्यात आल्या आणि दाढ काढून दुपारच्या गाडीनं घरी गेल्या.

दोघांचंही दुखणं एकाच जातीचं. एकानं काय केलं आणि दुसरीनं काय केलं, एवढाच फरक. तो फरक समजावून सांगण्यासाठी हे भाषण. आणि पूर येईल तेव्हाच ही वेळ येते असं नाही. २०२० च्या टाळेबंदीत दातांचे बहुतेक दवाखाने बंद होते. पेरणीच्या दिवसांत घरचा एकच कर्ता माणूस असतो. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब फडावर असतं. वाडीवरून तालुक्याला दिवसातून एकच गाडी असते. दाढ काही वेळ-काळ पाहून ठणकत नाही.

दाढ का ठणकते?

उसाला खोडकीड लागते तेव्हा आपण काय पाहतो? बाहेरून एक बारीक भोक. पण कांडं चिरून पाहिलं तर आत सगळं पोखरलेलं. दाताचं तसंच आहे. फरक एवढाच, की उसात खरोखरीची अळी असते आणि दातात अळी नसते.

दाताचं वरचं कवच आपल्या शरीरातली सगळ्यांत टणक वस्तू आहे, हाडापेक्षाही टणक. पण गूळ, साखर, बिस्किटं, गोड चहा, दाताला चिकटून राहिलेलं पीठूळ अन्न यांच्यावर तोंडातले सूक्ष्म जंतू पोसतात आणि आंब तयार करतात. त्या आंबेनं कवच विरघळत जातं. कवचाखालचा थर मऊ असतो, तिथं कीड झपाट्यानं पसरते. आणि त्याच्याही आत, अगदी गाभ्यात, बारीक रक्तवाहिन्या आणि शिरा असतात. दाताचा जीव तो तिथं.

जंतू गाभ्यापर्यंत पोचले की गाभा सुजतो. आता बोटाला लागलं तर बोट बाहेरून सुजतं, त्याला जागा असते. दाताच्या गाभ्याला मात्र चहूबाजूंनी टणक भिंत. सुजायला जागाच नाही. मग सगळा दाब आतल्या शिरेवर येतो आणि माणूस कळवळतो. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून ठणका रात्रीच जास्त.

दुखण्याच्या चार पायऱ्या

आपली दाढ कोणत्या पायरीवर आहे हे ओळखता आलं, तर किती घाई करायची तेही कळतं.

पहिली पायरी: गार पाण्यानं किंवा गोडानं कळ येते आणि दोन-चार क्षणांत जाते. गाभा अजून जिवंत आणि बराचसा निरोगी आहे. या वेळी गेलात, तर बहुधा कीड कोरून दात भरला की काम होतं. सगळ्यांत स्वस्तात आणि सगळ्यांत कमी त्रासात सुटायची वेळ ही.

दुसरी पायरी: कळ आली की पाच-दहा मिनिटं, तासभर राहते. काही न खाता-पिताही दुखते. रात्री झोपेतून उठवते. काहींना गरम घेतलं की ठणका वाढतो आणि गार पाणी तोंडात धरलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. गाभा आता वाचत नाही. नुसतं भरून भागत नाही. मुळातली शीर काढून दात राखावा लागतो, नाहीतर दात काढावा लागतो.

तिसरी पायरी: दुखणं एकाएकी थांबतं. इथंच आपली माणसं फसतात. आमच्या त्या शेतकऱ्याची दाढ "आपोआप थांबली" ती बरी झाली म्हणून नव्हे, तर आतली शीर मेली म्हणून. घरातलं राखणीचं कुत्रं भुंकायचं थांबलं, याचा अर्थ चोर पळाला असा नव्हे. कधी कधी कुत्र्यालाच काही झालेलं असतं.

चौथी पायरी: मेलेल्या गाभ्यातले जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. पू होतो. दात वर आल्यासारखा वाटतो, दातावर दात टेकवत नाही, हिरडीवर फोड येतो, गाल सुजतो. इथून पुढं गोष्ट दाताची राहत नाही, जिवाची होते.

तोवर काय करावं?

समजा, दुसऱ्या पायरीचा ठणका आहे आणि डॉक्टरकडे पोचायला एक-दोन दिवस लागणार आहेत. तर क्रमानं असं करा.

पहिलं, तोंड स्वच्छ करा. भांडंभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जोरानं खुळखुळवून चुळा भरा. दर जेवणानंतर आणि झोपताना. दाढेच्या खड्ड्यात किंवा फटीत अडकलेला घास निघाला, तरी कित्येकदा निम्मा ठणका उतरतो. फटीत अडकलेलं शिवणाच्या स्वच्छ दोऱ्यानं हळूच काढा. सुई, टाचणी, बाभळीचा काटा, खराट्याची काडी घालू नका. काटा मोडून आत राहिला, तर एका दुखण्याची दोन होतात.

दुसरं, लवंगेचं तेल. आजीबाईच्या बटव्यातलं हे औषध खरं आहे. लवंगेत युजेनॉल नावाचं द्रव्य असतं, ते शीर बधिर करतं. आम्ही दंतवैद्यसुद्धा तात्पुरता दात भरताना हेच द्रव्य जस्ताच्या भुकटीत कालवून वापरतो. पण वापरायची रीत आहे. कापसाचा ज्वारीच्या दाण्याएवढा बोळा करा, त्यावर तेलाचा एक थेंब घ्या, बोळा दाबून जादा तेल काढा आणि तो फक्त किडलेल्या खड्ड्यात ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी काढून टाका आणि चूळ भरा. तेल हिरडीवर, जिभेवर, गालाच्या आत चोळू नका, तिथं भाजल्यासारखं होतं. गिळू नका. लहान मुलांना लावू नका. तेल नसेल तर एक अख्खी लवंग त्या दाढेशी धरून हलकेच चावा.

तिसरं, बाहेरून गार. गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं गालावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग थोडं थांबून पुन्हा ठेवा. बर्फ मिळाला तर तो फडक्यात गुंडाळूनच ठेवा, नुसता लावू नका. गरम शेक देऊ नका. भाजल्या मिठाची पुरचुंडी, तापलेली वीट, गरम तव्यावरचं फडकं, यातलं काही नको. पाठीच्या दुखण्याला शेक बरा वाटतो, म्हणून गालाला तोच दिला जातो. पण आत पू असेल, तर शेकानं सूज वाढते.

चौथं, उशाला उंच करा. घोंगडी नाहीतर गोधडी घडी करून डोक्याखाली घ्या, डोकं छातीपेक्षा वर राहू द्या. सरळ पडण्यापेक्षा भिंतीला टेकून झोपलेलं बरं.

पाचवं, खाणं. दुसऱ्या बाजूनं चावा. दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ भात, पेज, आंबील, वरण असं मऊ आणि कोमट घ्या. फार गरम नको, फार गार नको, गोड तर नकोच. पण उपाशी राहू नका आणि पाणी भरपूर प्या. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या तर पोट बिघडतं.

गोळ्या घ्याव्यात, पण हिशेबानं

खताची मात्रा दुप्पट केली म्हणून पीक दुप्पट येत नाही, उलट जळतं. गोळ्यांचं तसंच.

पॅरासिटामॉल ही त्यातल्या त्यात निर्धोक गोळी. ती उपकेंद्रात मिळते, आशाताईंच्या पेटीतही असते. मोठ्या माणसानं ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, ठणका फारच असेल तर दोन. पुढची वेळ सहा तासांनी. चोवीस तासांत सहा गोळ्यांच्या वर जाऊ नका. गोळी ६५० ची असेल, तर एका वेळी एकच आणि दिवसाला चार पुरे. रोज दारू पिणाऱ्यानं, काविळीचा किंवा यकृताचा आजार असलेल्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळी आणि दारू एकत्र तर कधीच नाही.

आयब्युप्रोफेन ही दुसरी गोळी. दाढदुखीला ती चांगली लागू पडते, कारण ती सूजही उतरवते. मोठ्या धडधाकट माणसानं ४०० मिलिग्रॅमची एक गोळी जेवणानंतर घ्यावी, आठ तासांनी दुसरी, दिवसाला तीनच. ज्यांना काही आजार नाही, त्यांना पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही मिळून घेतल्या तरी चालतात. पण पोटात व्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, दमा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे अशांनी आणि गरोदर बाईनं आयब्युप्रोफेन घेऊ नये. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तरी घेऊ नये, रक्तस्राव होऊ शकतो. उन्हात दिवसभर पाण्यावाचून राबून आल्यावरही ही गोळी मूत्रपिंडाला बाधते. आधी पाणी प्या, जेवा, मग घ्या.

दुकानात मिळणाऱ्या कित्येक पट्ट्यांत एकाच गोळीत दोन औषधं असतात. पट्टीवरची नावं मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या. नाहीतर वेगळ्या रंगाची दुसरी गोळी म्हणून तेच औषध दोनदा पोटात जातं.

लहान मुलांना मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. पॅरासिटामॉलचं पातळ औषध मुलाच्या वजनावर असतं, ते नर्सबाईंना नाहीतर डॉक्टरला विचारून द्या. ॲस्पिरिन मुलांना मुळीच नको. गरोदर बाईनं पॅरासिटामॉलही विचारूनच घ्यावी. आणि कुणीही असो, घरच्या घरी तीन दिवसांवर गोळ्यांवर दिवस काढू नयेत.

जंतुनाशक कॅप्सूलचं काय?

"डॉक्टर, एक अँटिबायोटिक लिहून द्या, दाढ थांबेल," असं पुष्कळ जण म्हणतात. ती थांबत नाही. का, ते सांगतो. औषध रक्तातून जातं. दाताचा गाभा मेला की तिथलं रक्तच बंद. पाटच बुजला तर वाफ्यात पाणी कसं पोचणार? विहीर कितीही भरलेली असो. आणि पू साठला असेल तर त्याला बाहेरची वाट करून द्यावी लागते. तुंबलेलं शेत बांधाला चर काढल्याशिवाय निचरत नाही. ही वाट डॉक्टर करतो, कॅप्सूल नाही. २०१९ सालीच अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं आपल्या डॉक्टरांना सांगितलं, की नुसत्या दाढदुखीसाठी जंतुनाशक देऊ नका, वेदनाशामक द्या आणि दाताचा उपचार करा.

सूज, ताप असेल तेव्हा जंतुनाशक लागतं, पण ते डॉक्टर ठरवेल, आणि दिलं तर सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं. कुणाच्या खिशातली उरलेली अर्धी पट्टी नको. जनावरांसाठी आणलेलं औषधही आपल्या पोटात नको.

काय करू नये?

काही गोष्टी आपल्याकडे सर्रास चालतात, त्या एकेक सांगतो.

दाढेवर किंवा गालावर बिब्बा, रुईचा चीक, शेराचा चीक लावू नका. यांनी कातडी आणि हिरडी जळते. जळाल्याच्या आगीपुढे दाढेचा ठणका जाणवेनासा होतो, एवढंच. रॉकेल, बॅटरीतलं पाणी, फवारणीचं औषध "कीड मारायला" म्हणून तोंडात घालणारा माणूस स्वतःचाच जीव धोक्यात घालतो. ते विष आहे. तोंडात लावलं तरी अंगात भिनतं.

ॲस्पिरिनची गोळी कुस्करून हिरडीत भरू नका. तिथं पांढरा चट्टा पडून मांस भाजतं. गोळीचं काम पोटातून होतं.

तंबाखू, मिश्री, गुटखा दाढेवर धरू नका. मिश्रीनं घडीभर बधिर वाटतं हे खरं. पण आमच्या किती माय-बहिणींना मिश्रीची सवय अशाच एका दाढदुखीतून लागली, हे त्या स्वतःच सांगतात. दाढ जाते, मिश्री राहते, आणि वर्षांनी तोंडात न भरणारी जखम घेऊन बाई येते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, ती उगाच नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर ती दुखत नसली तरी दाखवा.

आता दातातला किडा काढण्याबद्दल. बाजारात, जत्रेत काही लोक भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीनं धूर तोंडात सोडतात, आणि मग पाण्याच्या भांड्यात पांढरे बारीक किडे दाखवतात. ते किडे तुमच्या दातातले नव्हेत. बी तापल्यावर फुटतं आणि आतला कोवळा अंकुर वळवळल्यासारखा बाहेर येतो, तोच तो "किडा". खात्री करायची असेल तर कुणाच्याही तोंडाशिवाय, नुसत्या निखाऱ्यावर बिया टाकून धूर पाण्यावर धरा. किडे तरीही दिसतील. दातात अळी असते ही समजूत पूर्वी सगळ्या जगात होती. फ्रान्समधल्या पिएर फोशार या दंतवैद्यानं १७२८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथातच ती खोडून काढली. त्याला आता तीनशे वर्षं होत आली.

ही लक्षणं दिसली, तर सकाळची वाट पाहू नका

हा भाग नीट ऐका, आणि हे पत्रक हातात असेल तर या ओळींखाली रेघ मारून ठेवा.

सूज गालावरून डोळ्याकडे चढते, किंवा जबड्याखाली, गळ्याकडे उतरते. तोंड दोन बोटंही उघडत नाही. थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते. जीभ वर उचलल्यासारखी वाटते, आवाज घोगरा होतो, श्वासाला त्रास होतो. थंडी वाजून ताप भरतो, माणूस गळून जातो, बडबडतो. यातलं एक जरी दिसलं, तरी ते दुखणं दाताच्या डॉक्टरपुरतं राहिलेलं नाही. रात्र असो, पाऊस असो, १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात न्या. माणसाला आडवं पाडू नका, बसतं ठेवा.

मधुमेह असलेल्या माणसाच्या दाढेची सूज झपाट्यानं वाढू शकते. त्यानं थोड्या सुजेलाही लगेच निघावं.

आणखी एक. जबडा दुखतो, पण कोणता दात ते सांगता येत नाही. चढ चढताना, ओझं उचलताना दुखतो, थांबलं की कमी होतो. सोबत छातीत जड वाटतं, डावा हात भरून येतो, घाम फुटतो. असं असेल तर ती दाढ नव्हे. ते हृदयाचं दुखणं असू शकतं. लवंग शोधत बसू नका, गाडी शोधा.

दवाखान्यात जाताना

खर्चाच्या धास्तीनं थांबू नका. अनेक ग्रामीण रुग्णालयांत आणि उपजिल्हा रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात. महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, ते आशाताईंकडून आधी विचारून घ्या, म्हणजे खेप फुकट जात नाही.

घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत न्या. रक्तदाब, साखर, हृदयाचा आजार, रक्त पातळ करायची गोळी, गरोदरपण, पूर्वी एखाद्या औषधानं अंगावर उठलेलं पित्त, हे न विचारताही सांगा. जेवून जा. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

दोन भीती मनातून काढून टाका. वरची दाढ काढली की नजर जाते, ही पहिली. डोळ्याची शीर वेगळी आणि दाताची वेगळी. म्हातारपणी दात आणि नजर दोन्ही जातात, म्हणून लोकांनी त्यांची गाठ मारली आहे. गरोदर बाईचा दात काढता येत नाही, ही दुसरी. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दाताचं काम सोयीनं होतं, आणि पू झाला असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करावेच लागतात. तसेच ठेवले तर आईला आणि बाळाला अधिक धोका.

आणि मुख्य गोष्ट. वाटेत दुखणं थांबलं, तर मागं फिरू नका. तिसरी पायरी आठवा.

शेवटी एवढंच

पाऊस लांबला तर आपण पेरणी पुढं ढकलतो, कारण त्यात शहाणपण आहे. दाढ पुढं ढकलण्यात शहाणपण नाही. ती सुगी पाहत नाही, सण पाहत नाही, पूर पाहत नाही. पहिली चमक आली त्या आठवड्यातच दाखवली, तर अर्ध्या दिवसाचं काम. मृगाच्या आधी जशी आपण अवजारं तपासून घेतो, फाळ धार लावून घेतो, तसे वर्षातून एकदा घरातल्या सगळ्यांचे दात दाखवून घ्या. रात्री झोपण्यापूर्वी ब्रशनं दात घासायची सवय मुलांना लावा. रात्री दात घासलेल्या मुलाच्या तोंडात जंतूंना रात्रभर खायला काही उरत नाही.

ते पुरातले शेतकरी पुढच्या वर्षी मला बाजारात भेटले. गळ्याखालचा व्रण दाखवून म्हणाले, "डॉक्टर, ऊस गेला तो पुन्हा लावला. आता घरात कुणाची दाढ नुसती चमकली, तरी मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसवतो." मला वाटतं, यापेक्षा चांगला सल्ला मला देता येणार नाही.



लक्षात ठेवा (हा भाग कापून घरात भिंतीला लावा)

१. कोमट मीठ-पाण्याच्या चुळा. अडकलेला घास दोऱ्यानं काढा, काट्यानं नाही.
२. लवंगेच्या तेलाचा एक थेंब, फक्त खड्ड्यात, दहा-पंधरा मिनिटं.
३. गालावर गार फडकं. गरम शेक नाही.
४. झोपताना डोकं उंच.
५. पॅरासिटामॉल ५००: दोन वेळांत सहा तासांचं अंतर, दिवसाला सहाच्या आत. आयब्युप्रोफेन ४००: जेवणानंतर, आठ तासांचं अंतर, दिवसाला तीनच, आणि ज्यांना मना आहे त्यांनी घेऊ नये.
६. बिब्बा, चीक, रॉकेल, फवारणीचं औषध, तंबाखू, मिश्री, दारू, उरलेल्या कॅप्सूल: यातलं काहीही नाही.
७. डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सूज, तोंड उघडेना, गिळवेना, श्वास लागतो, थंडी-ताप: लगेच १०८.
८. दुखणं आपोआप थांबलं, तरी दात दाखवाच.